चौथ्या रकान्यात काय लिहिलं जातं?

प्रश्न : आम्ही देवगड भागातले आंबा बागायतदार. २०१४ मध्ये युरोपने हापूस अडवला, तेव्हापासून एक कुतूहल आहे. ब्रुसेल्समध्ये लॉबिंग करणाऱ्यांची म्हणे रीतसर नोंदणी होते. नुसत्या नोंदणीने काम स्वच्छ होतं का? आणि एवढ्या देशांच्या गर्दीत एखाद्या प्रांताचं कुणी ऐकतं का?

उत्तर : २०१४ ची बंदी अजून तुमच्या मनात आहे हे साहजिक आहे. त्या वर्षी १ मेपासून, म्हणजे ऐन हंगामात, आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळूही युरोपच्या दारात थांबले. भारतातून गेलेल्या पेट्यांमध्ये फळमाशी सापडत होती, हे कारण खरं होतं. पण निर्णय झाला तो युरोपीय संघाच्या सदस्य देशांच्या वनस्पती-आरोग्य तज्ज्ञांच्या समितीत, आणि अशा समितीची दारं बाहेरच्यांना बंद असतात. पुढे युरोपचे निरीक्षक इथे आले, आपली तपासणीची व्यवस्था सुधारल्याचं त्यांनी पाहिलं आणि २०१५ च्या जानेवारीत त्याच समितीने आंब्यावरची बंदी उठवायला संमती दिली.

आता नोंदणीकडे येऊ. आपली बाजू मांडणं हा गुन्हा नाही. शेतकरी संघटना, औषध कंपन्या, पर्यावरणवाले, कामगार संघटना सगळेच ते करतात, आणि कायदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांच्याकडूनच कामाची माहिती मिळते. मधे पैसा आला की गुन्हा होतो. २०११ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राचे पत्रकार लॉबिंगवाले बनून युरोपीय संसदेच्या सदस्यांना भेटले. कायद्याच्या मसुद्यात दुरुस्ती सुचवा, मोबदला देतो, असं त्यांनी सांगितलं, आणि काही जण तयार झाले. ऑस्ट्रियाचे माजी गृहमंत्री एर्न्स्ट श्ट्रासर यांना त्यात तुरुंगवास झाला. त्याच वर्षी कायद्याचे मसुदे मांडणारा युरोपीय आयोग आणि संसद यांची सामायिक पारदर्शकता नोंदवही सुरू झाली. आज तिच्यात १२ हजारांहून अधिक संस्था आहेत. संस्था कोणाची, वर्षाला या कामावर साधारण किती खर्च करते, कोणत्या कायद्यांत तिला रस आहे, सल्लागार कंपनी असेल तर तिची गिऱ्हाइकं कोण, हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं. २०१४ च्या डिसेंबरपासून आयोगाच्या आयुक्तांना आपल्या भेटीगाठीही जाहीर कराव्या लागतात, आणि नोंद नसलेल्याला त्यांनी भेटायचं नसतं.

हे मोठं काम झालं, असं मी मनापासून मानतो. पण त्यात एक भोक राहिलं आहे. परदेशी सरकारं आणि त्यांचे दूतावास यांना ही नोंदवही लागू नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी छापे घातले, सुमारे १५ लाख युरो रोख सापडली आणि संसदेच्या एका उपाध्यक्षांना अटक झाली. आरोप होता कतारकडून पैसे घेऊन बाजू मांडल्याचा. त्यांनी तो नाकारला आहे. पण कतारच्या सरकारला नोंदवहीत नाव घालण्याची गरजच नव्हती. आंब्यासाठी बोलणाऱ्या आपल्या दूतावासालाही नसते.

मला त्याहून जास्त खटकते ती कायदा ठरवणारी शेवटची बैठक. आयोगाने कायदा सुचवल्यावर संसद आणि सदस्य देशांची परिषद आपापली भूमिका ठरवतात, आणि मग तिघांचे प्रतिनिधी बंद दाराआड बसून तडजोड करतात. समोर चार रकान्यांचा कागद असतो. पहिल्यात आयोगाचा मजकूर, दुसऱ्यात संसदेचा, तिसऱ्यात परिषदेचा, चौथ्यात तडजोडीचा. पहिले तीन उघड असतात. चौथा मात्र बोलणी चालू असताना फक्त बसलेल्यांना आणि ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना ठाऊक असायचा. एमिलियो दे कापितानी हे संसदेचेच निवृत्त अधिकारी. २०१५ मध्ये त्यांनी असे कागद मागितले, चौथा रकाना नाकारला गेला, ते न्यायालयात गेले आणि २०१८ च्या मार्चमध्ये जिंकले. न्यायालयाने म्हटलं की कायदा घडत असतानाच लोकांना तो पाहता आला पाहिजे, आणि चौथा रकाना झाकून ठेवण्याची सरसकट मुभा नाही. तरीही आजपर्यंत तो आपणहून समोर ठेवला जात नाही. मागावा लागतो, आणि मागून मिळेपर्यंत तडजोड होऊन गेलेली असते. कोण कोणाला भेटलं हे कळण्यापेक्षा त्या भेटीनंतर कोणतं वाक्य बदललं हे कळणं मला जास्त मोलाचं वाटतं. पारदर्शकतेची खरी लढाई तिथे आहे.

प्रांतांचं म्हणाल तर त्यांना ब्रुसेल्समध्ये जागा आहे, मत नाही. १९९४ पासून प्रांत आणि शहरांची एक समिती काम करते. तिच्यात ३२९ सदस्य आहेत, काही विषयांत तिचा सल्ला घ्यावाच लागतो, पण तो पाळावा लागत नाही. म्हणून ज्यांना परवडतं ते स्वतःची कार्यालयं काढतात. जर्मनीतल्या बव्हेरियाने तर युरोपीय संसदेला लागूनच पाश्चर संस्थेची जुनी इमारत घेऊन तिथे आपलं कार्यालय थाटलं. गरीब प्रांत असं करू शकत नाही, हा अन्याय मला साधा वाटत नाही.

खरी ताकद मात्र घरच्या राज्यघटनेतून येते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाबरोबरच्या व्यापार कराराला बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने नकार दिला. लोकवस्ती जेमतेम ३६ लाख. आपल्या शेतकऱ्यांचं काय होईल आणि गुंतवणूकदारांना सरकारवर दावा ठोकण्याचा हक्क का द्यायचा, हे मुख्यमंत्री पॉल मान्येत यांचे प्रश्न होते. बेल्जियमच्या घटनेनुसार प्रांतांच्या होकाराशिवाय केंद्राला सही करता येत नव्हती, म्हणून ठरलेली शिखर परिषद रद्द झाली. लेखी खुलासे आणि आश्वासनं मिळाल्यावरच ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. त्या आश्वासनांपैकी एक म्हणजे गुंतवणूकदारांच्या लवादाचा मुद्दा युरोपीय न्यायालयापुढे नेणं. न्यायालयाने २०१९ मध्ये लवाद वैध ठरवला, पण प्रश्न विचारला गेला तो एका छोट्या प्रांतामुळे.

आपल्याकडे शेती हा राज्याचा विषय, पण परदेशी व्यापार केंद्राचा, आणि घटनेच्या २५३ व्या कलमानुसार कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्याच्या विषयातही कायदा करू शकते. व्यापारी करारावर केंद्राला अडवण्याचा वालोनियासारखा अधिकार महाराष्ट्राला नाही.

तुमच्या संघटनेला करता येण्याजोगं काही आहे. युरोपीय आयोग आपल्या बहुतेक नियमांचे मसुदे संकेतस्थळावर चार आठवडे ठेवतो आणि कोणत्याही देशाच्या माणसाला मत नोंदवता येतं. ते मत तिथेच प्रसिद्ध होतं. शिवाय अन्न आणि वनस्पती-आरोग्याचे नवे नियम जागतिक व्यापार संघटनेला कळवावे लागतात, आणि इतर देशांना हरकतीसाठी साधारणपणे ६० दिवस मिळतात. ती हरकत दिल्लीमार्फत जाते, म्हणून कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा बदलते आहे असं दिसताच आपले तपासणी अहवाल घेऊन कृषी खात्याकडे जायला हवं. तातडीच्या बंदीला मात्र ही मुदत मिळत नाही. २०१४ ची बंदी त्याच प्रकारची होती.