काळ्या मोटारीवरील चरे आणि पाण्याचे डाग

काळ्या रंगाची नवी मोटारगाडी दुकानातून बाहेर येते तेव्हा तिच्या टपावर आकाश, झाडे आणि पाहणाऱ्याचा चेहरा आरशातल्याप्रमाणे स्वच्छ उमटतो. वर्ष-दोन वर्षांनी तीच गाडी भर उन्हात उभी असली म्हणजे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसू लागतात. बॉनेटवर पांढुरक्या कडांचे, थेंबाएवढे डागही आढळतात. मालक म्हणतो, गाडी रोज पुसली जाते, मग असे का व्हावे? खरी गोष्ट अशी की पुष्कळदा गाडी रोज पुसली जाते म्हणूनच असे होते. हे दोष घालविण्याचे जे उपाय आहेत, त्यांचीही एक किंमत असते. ती किंमत कोणती आणि ती केव्हा मोजावी, हे समजण्यासाठी प्रथम रंगाच्या पृष्ठभागाची रचना पाहावयास हवी.

ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो एक थर नसून चार थर असतात. पत्र्यालगत विद्युत्-प्रक्रियेने बसविलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष काळा रंग आणि सर्वांत वर राळेसारख्या कृत्रिम द्रव्याचा एक पारदर्शक लेप. हे चारही थर मिळून साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन जाडी भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक लेप एकटा बहुधा 35 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची सारी झळाळी ह्या लेपात आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. हा लेप कारखान्यात एकदाच चढतो. पुढे त्यातून जे जाते ते परत येत नाही.

काळ्याच रंगावर का?

चरे सर्व रंगांच्या गाड्यांवर सारखेच पडतात, परंतु काळ्यावर ते दिसतात. लेपाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश लंबरूप पडला तर त्याचा सुमारे चार टक्के भाग परावर्तित होतो आणि उरलेला आत शिरतो. पांढऱ्या गाडीत आत शिरलेला प्रकाश खालच्या रंगावरून सर्व दिशांना विखरून पुन्हा बाहेर येतो. त्या लखलखाटात एखाद्या चऱ्याने विखुरलेला थोडासा प्रकाश हरवून जातो. काळ्या गाडीत आत शिरलेला प्रकाश जवळजवळ सगळा शोषला जातो आणि मागे अंधार उरतो. तारे दिवसाही आकाशात असतात, पण दिसतात रात्री, तसाच हा प्रकार आहे.

आता ती वर्तुळे. इंग्रजीत ह्या खुणांना भोवरा या अर्थाचे नाव आहे. मराठीतही तसाच शब्द योजावा असे प्रथम मनात आले होते, परंतु ते नावच मुळी दिशाभूल करणारे आहे. हे चरे वर्तुळाकार नसतात. ते आडवे, उभे, तिरपे, कसेही पडलेले असतात. प्रत्येक चरा म्हणजे एक चिमुकली पन्हळ होय, आणि ती आपल्यावर पडलेला प्रकाश आपल्या लांबीशी काटकोनात दोन्ही बाजूंस फेकते. त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कल्पिलेल्या वर्तुळांना जे चरे स्पर्शरेषेसारखे आडवे आहेत, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. प्रतिबिंबाकडून बाहेर आऱ्यांसारखे गेलेले चरे तेथेच असूनही दिसत नाहीत. ह्या निवडीतून वर्तुळाचा भास होतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्याआड एखादे निष्पर्ण झाड असले, तर त्याच्या डहाळ्यादेखील दिव्याभोवती गोल गोल विणल्यासारख्या दिसतात. कारण तेच.

ह्याची प्रचीती वर्गात सहज घेता येईल. रोजच्या वापरातले स्टीलचे ताट घ्यावे आणि अंधाऱ्या खोलीत एकाच लहान दिव्याखाली धरावे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. मग दिवा बाजूला सरकवावा. वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. चरे खरोखरच गोल असते तर ते जागच्या जागी राहिले असते.

चरे कोण पाडतो?

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे साध्या वाळूच्या जातीचे, कण विपुल असतात. खनिजांची कठिनता मोजण्यासाठी फ्रीडरिख मोज ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली जी श्रेणी मांडली तीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा लागतो. खिडकीची काच त्याहून मऊ आणि गाडीवरचा लेप काचेहूनही पुष्कळ मऊ. असा कण फडक्याखाली सापडून ओढला गेला की चरा पडलाच. म्हणजे चरा फडके पाडीत नाही, त्यातला कण पाडतो. शहरांतील वसाहतींत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन दहा-बारा गाड्या पुसून काढणारी माणसे आपण पाहतो. पहिल्या गाडीवरची धूळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, असा तो प्रवास चालतो. यात त्या माणसाला बोल लावणे अन्यायाचे होईल. अर्धी बादली पाणी आणि पाच मिनिटे एवढ्यावर गाडी चकचकीत करण्याची अपेक्षा मालकाचीच असते. पत्र्यावर नुसती कोरडी धूळ बसू दिली तर तिने फारसे बिघडत नाही, ती कोरड्या फडक्याने ओढून पुसली म्हणजे बिघडते.

थेंब वाळताना

विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ही दुष्फेनता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालण्याजोगी मानली आहे. समजा, आपल्या पाण्यात ती 300 आहे. तर दहा लिटरच्या बादलीत तीन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा चमचा, चुनखडीसारखे द्रव्य न दिसता वावरत असते. पाणी उडून जाते, ते उडत नाही. विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. चहाच्या भांड्यात आणि गीझरच्या नळीत साठणारी पांढरी खपली ती हीच.

डागाची कडाच ठळक का, ह्याचे उत्तर शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1997 साली दिले. त्यांचा विषय होता सांडलेल्या कॉफीचा डाग. थेंबाची कडा पृष्ठभागाला चिकटून राहते आणि बाष्पीभवन कडेपाशी सर्वांत वेगाने होते. तेथली तूट भरून काढण्यासाठी आतले पाणी सतत कडेकडे वाहते आणि बरोबर आणलेला माल तेथे टाकते. काळा पत्रा उन्हात 60 अंश सेल्सियसच्याही वर तापतो, त्यामुळे त्यावर हा सारा खेळ काही मिनिटांत आटोपतो.

थेंब भिंगासारखा ऊन एकवटून रंग जाळतो, अशी एक समजूत आहे. ती टिकत नाही. सपाट पृष्ठभागावर पसरलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली पडतो. झाडांच्या पानांविषयी अशीच समजूत होती. हंगेरीतील संशोधकांनी ती तपासून गुळगुळीत पानांवरील थेंबांच्या बाबतीत 2010 साली चुकीची ठरविली. लेपाला खरी इजा होते ती रसायनांनी. प्रदूषित हवेतून पडलेल्या पावसाचा थेंब आटत जातो तशी त्यातली आम्ले तीव्र होत जातात, आणि शेवटच्या क्षणी ती लेप खाऊन तेथे खळगा पाडतात. म्हणून पाण्याचे डाग दोन प्रकारचे मानले पाहिजेत, लेपावर बसलेले आणि लेपात उतरलेले. दिसण्यात दोन्ही सारखे, उपाय मात्र अगदी वेगळे.

आधी सौम्य उपाय

बसलेला डाग घासून काढू नये, विरघळवून काढावा. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ, स्वच्छ फडक्याने साबणपाणी लावून धुवावे. साबणपाण्याची बादली निराळी आणि फडके खळबळण्याची निराळी ठेवली, तर काढलेली धूळ पुन्हा पत्र्यावर येत नाही. त्यानंतर पांढरे व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून त्यात भिजविलेले फडके डागावर मिनिटभर ठेवावे. व्हिनेगरमधील असेटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावून पाण्यात विरघळणारा क्षार बनविते. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकले तर निघणारे बुडबुडे ह्याच क्रियेचे. मिश्रण पत्र्यावर वाळू न देता लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे आणि पाणी टिपून घ्यावे. डाग ताजा असेल तर बहुधा येथेच काम संपते. सल्फेट आणि सिलिका यांच्या डागांवर मात्र व्हिनेगरची मात्रा फारशी चालत नाही.

चऱ्यांसाठी आणि लेपात उतरलेल्या खळग्यांसाठी घर्षणाशिवाय गत्यंतर नाही. चरा ही एक पोकळी आहे. पोकळी काढून टाकता येत नाही. तिच्या सभोवतालचा लेप तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, तेव्हाच ती नाहीशी होते. न्यूटनने 1704 च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात काचेला झिलई देण्याविषयी हेच म्हटले आहे. ओरखडे नष्ट होत नाहीत, अधिकाधिक बारीक होत होत अखेर डोळ्यांना दिसेनासे होतात, असा त्याचा आशय. गॅरेजमध्ये ज्याला ‘बफिंग’ म्हणतात ते हेच काम. अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कण असलेले पॉलिश फोमच्या गादीवर घेऊन यंत्राने फिरवितात.

येथे हिशेब करणे अवश्य आहे. धुण्या-पुसण्याने पडणारे चरे साधारणतः एक-दोन मायक्रॉन खोल असतात. ते घालविताना तितकाच किंवा थोडा अधिक लेप जातो. एका खेपेस तीन मायक्रॉन धरले आणि गाडी दरवर्षी दिवाळीला अशी घासून घेतली, तर 40 मायक्रॉनच्या लेपातील 15 मायक्रॉन पाच वर्षांत संपतात. लेप पुरेसा पातळ झाला की जंबुपार किरण खाली पोचतात, लेप पांढुरका पडतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मग पुन्हा रंग देण्यावाचून उपाय राहत नाही, आणि कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या थराची बरोबरी रस्त्याकाठच्या रंगकामाला क्वचितच साधते.

म्हणून सर्वांत सौम्य पॉलिश व सर्वांत मऊ गादी घेऊन वीतभर जागेवर आधी प्रयोग करावा. तेवढ्याने भागले नाही तरच पुढची पायरी चढावी. कडा आणि पत्र्याच्या घड्या येथे लेप मुळातच पातळ असतो, तेथे यंत्र नेऊ नये. नख अडकेल इतका खोल चरा तसाच राहू द्यावा. जाडी मोजणारे उपकरण लोखंडी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाने चालते. ते सर्व थरांची बेरीज सांगते, पारदर्शक लेप किती उरला हे सांगत नाही, ही गोष्ट विसरली जाते. पूर्वीच्या एकथरी रंगाच्या गाड्यांना पॉलिश करताना फडके काळे होई आणि त्यात चिंतेचे काही नसे. आजच्या गाडीवर फडक्याला रंग लागला तर लेप तेथे संपला असे समजून तत्काळ थांबले पाहिजे.

काही पॉलिशे चरे काढीत नाहीत, भरतात. त्यांतील तेल व मेण यांचा प्रकाशवक्रीभवनाचा अंक लेपाच्या अंकाजवळ असतो. त्यामुळे भरलेल्या पन्हळीतून प्रकाश विखुरत नाही. खिडकीच्या दुधी काचेच्या खरबरीत बाजूवर चिकटपट्टी दाबून बसवावी, तेवढ्या पट्ट्यातून पलीकडचे दिसू लागते. तत्त्व तेच. लेप वाचावयाचा असेल तर हा मार्ग वाईट नाही, फक्त काही धुण्यांनंतर मेण जाते आणि चरे पुन्हा दिसतात. ज्याने ‘चरे कायमचे काढले’ म्हणून पैसे घेतले त्याचे काम तपासावयाचे असल्यास पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसून पाहावी.

पाणीसुद्धा काही वेळ असेच भरण्याचे काम करते. ओली गाडी निर्दोष दिसते ती त्यामुळे. जुनी काळी गाडी विकत घेणाऱ्याने ती नुकतीच धुतलेली असताना पाहू नये. कोरडी होऊ द्यावी, सावलीतून उन्हात काढावी, आणि सूर्याचे प्रतिबिंब बॉनेटवरून टपापर्यंत सरकत जाईल अशा रीतीने तिच्या भोवती एक फेरी घालावी.