दर्शकांचें गणित

संख्यांची बेरीज-वजाबाकी आपण लहानपणापासून करीत आलों आहों. परंतु पत्त्यांचीहि बेरीज-वजाबाकी करितां येते, असें कोणी म्हटलें तर नवल वाटेल. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ‘सी’ नांवाची संगणकभाषा रचिली. तींत हें गणित नित्य चालतें. त्याचे नियम थोडे, पण चुकीचा दंड मोठा.

संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान घरांची एक लांब रांग. एका घरास बाइट म्हणतात व त्याच्या क्रमांकास पत्ता. ज्या चलांत असा पत्ता ठेवितात तो पॉइंटर, म्हणजेच दर्शक. दर्शकापूर्वीं तारकाचिन्ह लिहिलें, कीं त्या पत्त्यावरील वस्तु हातीं येते.

समजा, पांच विद्यार्थ्यांचे गुण १२, १५, ९, १८, २० असे ओळीनें मांडिले आहेत. आजच्या बहुतेक संगणकांवर एका साध्या पूर्णांकास चार बाइट लागतात. पहिल्याचा पत्ता १००० असून तो ‘प’ या दर्शकांत आहे. तर प + १ म्हणजे किती? १००१ नव्हे, १००४ होय. कारण दर्शक बाइट मोजीत नाहीं, वस्तु मोजतो. म्हणून प + ३ म्हणजे १०१२, आणि तेथें १८ सांपडतात.

कंसाचें महत्त्वहि ध्यानीं घ्या. *(प + १) म्हणजे दुसऱ्याचे गुण, १५. परंतु *प + १ म्हणजे पहिल्याच्या गुणांत एक मिळविला, १३. एका कंसानें अर्थ पालटला!

पांचव्याच्या पत्त्यांतून दुसऱ्याचा पत्ता वजा केला, तर बाइटांचें अंतर १२ असूनहि उत्तर ३ येतें. येथेंहि मोजणी वस्तूंचीच. दोन दर्शकांची बेरीज मात्र भाषेस मान्य नाहीं. मैलाच्या दोन दगडांवरील आंकडे वजा केल्यास अंतर कळतें. त्यांची बेरीज करून काय कळणार?

आतां मर्यादेविषयीं. प + ५ हा रांगेच्या लगत पुढचा पत्ता थांबण्याची खूण म्हणून घेतां येतो. पण तेथील वस्तु वाचणें निषिद्ध. त्यापुढें तर पाऊलच टाकूं नये. ही मर्यादा भाषा स्वतः तपाशीत नाहीं. तो भार लिहिणाऱ्यावर असतो. १९८८ च्या नोव्हेंबरांत इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’नें जे मार्ग वापरले, त्यांपैकीं एक याच उणिवेचा होता. ‘गेट्स’ हें फंक्शन आलेली ओळ जागा किती आहे हें न पाहतां लिहीत जाई. ५१२ बाइटांच्या जागेंत त्याहून लांब ओळ धाडून त्यानें परक्या संगणकांत प्रवेश मिळविला. २०११ च्या प्रमाण-नियमांतून ‘गेट्स’ काढून टाकण्यांत आलें.

शेवटीं एक उदाहरण घरीं सोडवा: वरील रांगेंत *(प + २) + *प किती? उत्तर २१ आलें, तर धडा समजला. न आलें, तर कागदावर पांच घरें काढून, पत्ते घालून, पुन्हा मोजा.