ढिगातील ऊब आणि आगीची पूर्वसूचना

थंडीच्या दिवसांत पहाटे शेताकडे गेल्यास शेणखताच्या उकिरड्यातून वाफ निघताना आपण पाहिली असेल. उकिरड्याखाली कोणी चूल पेटविलेली नसते. तरीही आतील खत हाताला चांगले ऊन लागते. निपाणीच्या बाजूस तंबाखूचे ढीग लावणारी जाणती माणसे ढिगात हात घालून त्याची ऊब अजमावतात व ती प्रमाणाबाहेर वाटल्यास ढीग उलथून घेतात. ज्या ऊबेने मालाला गुण येतो, तीच ऊब आवरली नाही तर माल नासतो. हे ध्यानात ठेवून आता आपल्या भागातील एका मोठ्या उद्योगाकडे वळू.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा या नद्यांच्या काठचा आपला मुलूख उसाचा आहे. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, कृष्णाकाठचा उगार ही साखर कारखान्यांची नावे आपल्या घरोघरी परिचित आहेत. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो त्यास कारखान्यात बगॅस म्हणतात. गुऱ्हाळावर चिपाडे वाळवून चुलाणात घालतात, त्याचप्रमाणे साखर कारखान्यांत बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात. या वाफेवर जनित्र फिरते, वीज निर्माण होते आणि उरलेल्या उष्णतेवर रस आटविला जातो. या पद्धतीस सहवीजनिर्मिती असे नाव आहे.

100 टन ऊस गाळला असता सुमारे 28 ते 30 टन बगॅस मिळतो आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे दररोज 5,000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला सुमारे 1,400 ते 1,500 टन बगॅस तयार होतो. लागेल तेवढा जाळून उरलेला आवारात साठवितात. हंगामाच्या अखेरीस या ढिगांच्या टेकड्याच होतात.

आता प्रश्न असा, की बाहेरून ठिणगी न पडताही असा ढीग पेटतो कसा? ताज्या बगॅसमध्ये थोडी साखर शिल्लक असते. ओलावा आणि साखर मिळताच सूक्ष्म जीव वाढू लागतात व त्यांच्या आंबविण्याच्या क्रियेने ढीग 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. सुमारे 70 अंशांच्या पुढे बहुतेक जीव मरतात. धोका तेथेच संपला असे वाटेल. परंतु तोवर हवेतील प्राणवायूचा चोथ्याशी संयोग होण्याची रासायनिक क्रिया सुरू झालेली असते. अशा क्रियांचा वेग तापमान 10 अंशांनी वाढले की साधारणपणे दुप्पट होतो. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते, आणि अखेर ढिगाच्या पोटात निखारा धुमसू लागतो.

मग घरामागची लहानशी रास का पेटत नाही? याचे उत्तर आपल्या भूमितीत आहे. एका घनाची बाजू दुप्पट केली तर त्याचे घनफळ आठपट होते, परंतु पृष्ठफळ चौपटच होते. उष्णता उत्पन्न होते ती सर्व घनफळात आणि बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. शिवाय बगॅस हा उष्णतेचा मंदवाहक आहे. म्हणून ढीग जितका मोठा, तितकी त्याच्या पोटातील उष्णता कोंडलेली राहते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशी आग अकस्मात लागत नाही. तिच्या आधी कित्येक दिवस ऊब येते. ती ऊब मोजणे हाच आग टाळण्याचा पहिला उपाय होय. याकरिता टोकदार पोलादी नळीत उष्णतामापक बसवून ती ढिगात खोल खुपसतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचे सांधे निरनिराळ्या तापमानास ठेवले असता विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे सीबेक या शास्त्रज्ञाने 1821 साली दाखविले. त्याच तत्त्वावरील युग्मतारा अशा नळीत वापरतात.

केवळ एकदा मोजून मात्र भागत नाही. समजा, एकाच ठिकाणी पाच दिवसांची नोंद 58, 58, 59, 58, 58 अशी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती 46, 48, 51, 55, 60 अशी आहे. शेवटचे आकडे जवळजवळ सारखे; पण पहिला ढीग स्थिरावला आहे आणि दुसरा चढतो आहे. खरी काळजी दुसऱ्याची करावयाची. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी मोजून वहीत लिहिणारा मनुष्यच हा फरक ओळखू शकतो.

यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे. 1800 साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्यांत उष्णतामापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही, तेथे पारा अधिक चढला. ते अवरक्त किरण होत. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार हे किरण बाहेर टाकते आणि आजचे उष्माचित्रण कॅमेरे ते टिपून तापमानाचे रंगीत चित्र दाखवितात. बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालच्या एखाद्या रुळाचे बेअरिंग वंगणाअभावी आवळले, तर ते शेजारच्या रुळांपेक्षा उजळ दिसते. त्यावर साचलेला कोरडा भुसा पेटला तर धावता पट्टा तोच निखारा पुढे नेतो. विजेचा सांधा सैल झाला की तेथील रोध वाढतो व तो सांधा तापतो. बॉयलरच्या आतील अग्निविटा ढासळल्या, तर बाहेरील पत्र्यावर तप्त डाग उमटतो. बिघाड होण्यापूर्वीच तो कळल्यास दुरुस्ती सोयीच्या वेळी करता येते.

तथापि या साधनाची मर्यादा विसरता कामा नये. कॅमेरा केवळ पृष्ठभाग पाहतो. ढिगाच्या पोटातील निखारा त्यास दिसेलच असे नाही. चकचकीत धातू आसपासचे किरण परावर्तित करतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. म्हणून कॅमेऱ्याने नळीचे काम होत नाही आणि नळीने कॅमेऱ्याचे.

ऊब वाढली तर काय करावे? तो भाग वेगळा काढून, पसरून थंड करावा. जुना बगॅस आधी वापरावा. ढीग दाबून बसवावा, म्हणजे आत हवा कमी खेळते. दोन ढिगांमध्ये पाण्याचा बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी. परंतु धुमसता ढीग घाईने उकरू नये. कोंडलेल्या निखाऱ्यास एकदम हवा मिळून भडका उडतो. वरवर शिंपडलेले पाणी आत पोहोचत नाही. सर्वांत मोठा धोका ढिगावर चालणाऱ्या माणसास असतो. वरून ढीग अखंड दिसतो, पण आतून जळून पोकळी झालेली असते आणि पाय खाली जातो. तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइडही साचलेला असू शकतो. अशा आवारांत आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका व भाऊ राबतात. म्हणून हा विषय आम्हांस केवळ पाठ्यपुस्तकातील वाटत नाही.

आणखी एक विचार. बॉयलर बंद पडला तर गाळप थांबते. तोडलेल्या उसाचे वजन व साखर दिवसागणिक घटते, आणि अड्ड्यावर गाड्या तिष्ठत राहतात. एका बेअरिंगची उपेक्षा अशी शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचते.

बेळगावातील एस. निजलिंगप्पा साखर संस्थेत साखरतंत्राचे उच्च शिक्षण मिळते. आपल्यापैकी काही जण पुढे तेथे जातील. परंतु निरीक्षणाचा आरंभ आजही करता येईल. ओले गवत वा कडबा गंजीत रचू नये हे घरी सांगावे. परसातील खताच्या खड्ड्यात आठवडाभर रोज एकाच वेळी, एकाच खोलीवर उष्णतामापक ठेवून त्याची नोंद करावी आणि आलेख काढावा. जुन्या माणसांनी हाताच्या तळव्याने जे ओळखले, तेच आपण आकड्यांनी ओळखावयास शिकू. धूर सर्वांनाच दिसतो. धुराआधीची ऊब मात्र जो रोज मोजतो त्यालाच कळते.