अद्भुत कादंबरी आणि मुलांची शब्दसंपत्ती

इयत्ता सातवीतील एखादी मुलगी पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरे पुस्तक ठेवून वाचत आहे, असे शिक्षकांच्या दृष्टीस पडले, तर ते पुस्तक बहुधा गोष्टीचे असते. त्यात एखादी राजकन्या असते, शापित वाडा असतो, मनुष्यरूप घेऊन आलेले पिशाच्च असते आणि त्या दोघांचे प्रेम असते. असे पुस्तक काढून घ्यावे, समज द्यावी आणि पुन्हा धड्याकडे वळावे, अशी आपल्याकडील रीत आहे. परंतु तीच मुलगी धड्यातील एक पान वाचताना चार वेळा अडखळते आणि या पुस्तकाची पन्नास पाने एका बैठकीत संपविते, याचे कारण काय, याचा विचार सहसा होत नाही. ज्या मुलास शब्द अपुरे पडतात त्याचे वाचन मंदावते, आणि मंद वाचणारे मूल पुढे इतिहास, भूगोल व विज्ञान या सर्वच विषयांत मागे पडते. तेव्हा हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित नाही.

अद्भुत आणि प्रणय यांचा हा संयोग मराठीस नवा नाही. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातच तो आढळतो. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली व ‘रत्नप्रभा’ १८६६ साली प्रसिद्ध झाली. पुढे १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली व तिच्या प्रस्तावनेत आपली अडचण मांडली. आपल्या लोकांतील विवाहाच्या चालीमुळे नित्याच्या जीवनात कथेला रंग भरणारे काही सापडत नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय होता. जेथे लग्ने बालवयातच ठरत, तेथे प्रेमकथेला जादूच्या नगरीखेरीज अन्यत्र थारा नव्हता.

या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय नाव नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांचे होय. १९०५ साली सिंहगडच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे झाले. अंथरुणास खिळलेल्या त्या काळात त्यांनी अफाट वाचन केले आणि त्या वाचनातून एक कादंबरीकार उभा राहिला. त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ साली आली आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ती आवडीने वाचली.

परदेशातील एक अलीकडचे उदाहरणही शिक्षकांस उद्‌बोधक वाटेल. अमेरिकन लेखिका स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. सतरा वर्षांची बेला आणि रक्तपिपासू पिशाच्चकुळातील एडवर्ड यांची ती प्रेमकथा कुमारवयीन मुलामुलींनी अक्षरशः डोक्यावर घेतली. २००९ साली ब्रायन लीफ या शिक्षकाने याच कादंबरीतील कठीण शब्द निवडून प्रवेशपरीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्यायपुस्तिका तयार केली. तिची पद्धत साधी आहे. कादंबरीतील शब्द जेथे आला तेथील मजकूर विद्यार्थ्याने वाचावा, संदर्भावरून अर्थाचा अंदाज करावा आणि मगच दिलेला अर्थ ताडून पाहावा. जे पुस्तक मुले आपण होऊन वाचतात, त्यालाच या शिक्षकाने शब्दांचे भांडार केले.

ही पद्धत आपल्या वर्गात कशी चालवावी, हे एका नमुन्यावरून पाहू. पुढील उतारा वर्गपाठासाठी रचलेला आहे :

‘संधिप्रकाश मावळला आणि दुर्गाच्या तटावर निबिड अंधार दाटला. हातातील मशाल विझताच राजकन्या भुयाराच्या तोंडाशी थबकली. समोरच्या पडक्या देवळातून कोणीतरी तिला हाक मारीत होते. भीतीने तिचा चेहरा निष्प्रभ झाला. पण तिचे कुतूहल अनिवार होते. तिने पाऊल पुढे टाकले...’

पहिले वाचन शिक्षकांनी स्वतः, मोठ्याने व न थांबता करावे. कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगू नये. वाचून होताच एकच प्रश्न विचारावा : पुढे काय झाले असेल? मुले उत्तरे देऊ लागली की गोष्ट त्यांची झाली, असे समजावे.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक मुलाने अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी व अर्थाचा तर्क करावा. तर्क कशावरून केला, हे सांगणे मात्र आवश्यक मानावे. मशाल विझल्यानंतरचा अंधार, त्यावरून ‘निबिड’ म्हणजे दाट, असे एखादे मूल सांगेल. ‘अनिवार’ या शब्दाशी पुष्कळ मुले चुकतील. त्यांना ‘अनिवार्य’ हा परिपत्रकातील शब्द आठवेल व कुतूहल सक्तीचे होते, असा अर्थ ते करतील. ही चूक मोलाची आहे. ‘निवारण’, ‘निवारा’, ‘अनिवार’, ‘अनिवार्य’, ‘दुर्निवार’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. ऊनपावसाचे निवारण ज्याने होते तो निवारा. जे आवरता येत नाही ते अनिवार. जे टाळता येत नाही ते अनिवार्य. एका चुकीच्या तर्कातून पाच शब्दांचे घराणे मुलांच्या ओळखीचे होते.

त्यानंतरच शब्दकोश उघडावा. कोश आधी उघडला तर मूल अर्थ पाठ करते व शब्द विसरते. तर्क करून मग कोश पाहिला तर आपला तर्क खरा ठरल्याचा किंवा फसल्याचा अनुभव त्या शब्दास चिकटून राहतो. शेवटी मुलांनी तो शब्द स्वतःच्या अनुभवातील वाक्यात वापरावा. शाळेतून परतताना लागलेली भूक अनिवार असते. प्रार्थनेच्या वेळी फुटलेले हसूही अनिवार असते. अशा वाक्यांनी शब्द पुस्तकातून घरात येतो.

अनोळखी शब्दाप्रमाणेच ओळखीच्या नावातूनही शब्दांचे कुळ शोधता येते. मुंबईतील प्रभादेवी हे नाव पाहावे. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव पूर्वी एल्फिन्स्टन रोड होते. २०१८ साली ते प्रभादेवी झाले. ‘प्रभा’ म्हणजे तेज. तिच्यापासून ‘प्रभाकर’ व ‘निष्प्रभ’ हे शब्द झाले. ‘प्रभात’ आणि ‘आभा’ हेही त्याच धातूचे. हळब्यांच्या ‘रत्नप्रभे’चे नावही त्यातलेच. ‘प्रभाव’ मात्र दिसण्यात सारखा असला तरी ‘भू’ या निराळ्या धातूपासून आला आहे. त्याचप्रमाणे ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी नावास मराठीत ‘संधिप्रकाश’ म्हणतात. दिवस आणि रात्र जेथे सांधली जातात तो संधिकाल. वर्ण जेथे जुळतात तो व्याकरणातील संधी. सांध्यांत शिरणारा तो संधिवात. आपल्या गावाच्या, ओढ्याच्या व शेताच्या नावांपासूनही असा पाठ घेता येईल.

प्रभादेवी, परळ व लालबाग या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची कुटुंबे वसली. त्यांनी आपल्या गोष्टीही बरोबर आणल्या. शहरात वाढलेल्या नातवंडांना इंग्रजी पुस्तकातील पिशाच्च ठाऊक असते. परंतु आजीच्या तोंडचे ‘गिऱ्हा’, ‘देवचार’, ‘समंध’ हे शब्द हळूहळू त्यांच्या कानांवर पडेनासे होतात. खेड्यातील शिक्षकांजवळ हे धन अजून शिल्लक आहे. मुंज झाल्यावर लग्नापूर्वीच मेलेल्या मुलाचा ‘मुंजा’ पिंपळावर राहतो, इच्छा अपुरी राहिलेल्याचा ‘समंध’ धनावर बसतो, ‘गिऱ्हा’ पाण्यात असतो, ‘हडळ’ ही स्त्रीची, आणि या साऱ्यांचा राजा ‘वेताळ’, असे लोक सांगत आले. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून असे शब्द गोळा करून त्यांतील भेद वहीत लिहावेत. पाहता पाहता त्यांच्या लक्षात येईल की, या कल्पनांतून समाजाची दुःखे बोलत आहेत : अकाली मृत्यू, बाळंतपणात दगावलेली स्त्री, बुडालेला माणूस, अपुरी राहिलेली हौस.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. गोष्टीतील भूत गोष्टीतच राहिले पाहिजे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास मारहाण करणे व त्याचा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, ही माहिती त्याच तासाला द्यावी. कल्पना आणि वस्तुस्थिती यांतील अंतर ज्याला समजले, तो मुलगा अद्भुताचा आनंद निर्भयपणे घेतो. प्रेमकथेविषयीही हेच म्हणता येईल. पुस्तक मुलांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकांनी ते स्वतः वाचावे आणि वयास न शोभणारे असेल ते बाजूस ठेवावे. परंतु केवळ प्रेमाचा उल्लेख आहे एवढ्याने ते त्याज्य मानू नये. लपवून वाचलेल्या पुस्तकाविषयी मूल कोणालाच काही विचारू शकत नाही, हा त्यातील खरा तोटा आहे.

कोशांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. प्रभादेवीच्या सयानी मार्गावरील रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत ज्यांची कार्यालये अनेक वर्षे राहिली, त्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके, तसेच मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने वाई येथे संपादिलेला विश्वकोश, महाजालावर खुला केला आहे. शिक्षकांजवळील एका मोबाइलवर ही ग्रंथसंपदा दुर्गम शाळेतही पोहोचते.

शब्दांच्या याद्या करून त्या पाठ करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. एका उताऱ्यातून पाचांहून अधिक शब्द घेऊ नयेत व त्यांवर गुणही देऊ नयेत. गुणांची भीती आली की गोष्टीची गोडी गेली. आठवड्यातून एक तास, शक्यतो शनिवारचा, या वाचनासाठी राखून ठेवावा आणि राजकन्येने पाऊल पुढे टाकले की पुस्तक मिटावे. उरलेली पाने वाचण्यासाठी जे मूल सोमवारी सकाळी शाळा भरण्यापूर्वी ग्रंथपेटीपाशी येऊन उभे राहील, त्याला ते पुस्तक घरी न्यावयास द्यावे.