पेठ मोजण्याची रीत

शहर सुधारलें कीं नाहीं, असें कोणी विचारल्यास आपलें बोट बहुधा बाजारपेठेकडे वळतें. नवीं दुकानें, रुंद रस्ते, पुलावरील वाहनांची रीघ, एवढ्यावरून आपण निर्णय देऊन मोकळे होतों. परंतु साताऱ्याच्या एखाद्या पेठेंत किंवा सांगलीच्या एखाद्या बोळांत वाढणाऱ्या मुलास तें शहर पुढें कोठवर जाऊं देतें, हें बाजाराकडे पाहून कळत नाहीं. तें मोजावें कसें, हा या लेखाचा विषय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सरासरी काढण्यास तुम्ही शिकलां आहां. समजा, एका बोळांत दहा घरें आहेत. नऊ घरांची मासिक प्राप्ति प्रत्येकीं ८,००० रुपये व दहाव्याची २,२८,००० रुपये. दर घरीं सरासरी ३०,००० रुपये आली. गणित बिनचूक आहे. मात्र ३०,००० रुपये मिळविणारें घर त्या बोळांत एकही नाहीं! शहराची सरासरीही पुष्कळदां अशीच असते.

म्हणून विचारी माणसें शहराचे भाग पाडून पाहूं लागलीं. चार्ल्स बूथ या जहाजांच्या धंद्यांतील गृहस्थानें १८८६ सालीं लंडनची पाहणी आरंभिली. त्याला माहिती कोणी पुरविली म्हणाल, तर मुलें शाळेंत येतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घरोघर फिरणाऱ्या शाळाखात्याच्या माणसांनीं. कोणत्या घरीं खाणारीं तोंडें किती व मिळविते हात किती, हें त्यांस ठाऊक असे. बूथनें नकाशावर एकेक रस्ता रंगविला. अगदीं हलाखीचा काळा, त्यावर निळ्याच्या छटा, सुखवस्तु तांबडा, श्रीमंत पिवळा. त्या संपन्न राजधानींत शंभरांपैकीं सुमारें तीस माणसें दारिद्र्यांत आढळलीं.

आपल्याकडे पुण्यास १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची पाहणी हातीं घेतली. तिचा पहिला भाग १९४५ सालीं छापला गेला. कोल्हापूरची पाहणी त्याच संस्थेच्या सोवनींनीं केली. साताऱ्यास जन्मलेले वि. म. दांडेकर हेही त्याच संस्थेंतले. त्यांनीं व नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दररोज माणशीं २,२५० उष्मांकांचें अन्न ज्या खर्चांत मिळूं शकत नाहीं तो दारिद्र्याखालीं, असें माप धरलें होतें.

परंतु मला या साऱ्यांहून मोलाची वाटते ती या संस्थेची आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक लहानशी चौकशी. १९४९ पूर्वींच्या त्या जिल्ह्यांत तासगांव, वाळवें, शिराळें हे आजच्या सांगलीकडील तालुकेही येत. प्राथमिक शाळेंत शिकून गेलेल्यांस पुढें कांहीं वर्षांनीं लिहितां-वाचतां येतें काय, कीं आलेलें अक्षर विसरलें, हा त्या चौकशीचा प्रश्न. मध्येंच शाळा सोडणाऱ्या मुलांविषयींच्या दुसऱ्या चौकशीसह तिचा वृत्तांत १९५५ सालीं पुस्तकरूपानें निघाला. शाळा किती, हें मोजणें सोपें. शाळेनें दिलेलें मुलाजवळ किती राहिलें, हें शोधण्यास त्याच्या मागें जावें लागतें.

चौकशी खेड्यांतली असली, तरी हा प्रश्न पेठेसही लागू पडतो. अमेरिकेंत राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं याच रीतीचा नकाशा काढला. सुमारें दोन कोटि मुलें पस्तिशीच्या आसपास काय मिळवूं लागलीं, हें पाहून तें त्यांच्या बालपणच्या मोहल्ल्यावर मांडलें. आईबापांची मिळकत सारखी असूनही शेजारशेजारच्या वस्त्यांत वाढलेल्या मुलांचें भवितव्य पुष्कळ निराळें निघालें.

आपल्या २०११ च्या जनगणनेंत वॉर्डवार नळ, वीज, शौचकूप यांची नोंद सांपडते. ती उपयोगी खरी, पण घराजवळ काय आहे एवढेंच ती सांगते; घरांतील मूल कोठें गेलें, तें सांगत नाहीं.

म्हणून गतवर्षीं आमच्या दहावीच्या वर्गानें दोन वस्त्यांत घरोघर जाऊन पांच प्रश्न विचारले. नळ कोठें? शाळा किती दूर? अभ्यासास बसण्याजोगी जागा व दिवा आहे काय? थोरलें भावंड कितवीपर्यंत शिकलें? आज तें काय करतें? (पालकांस विनंति कीं, मुलें दारीं आल्यास उत्तर देण्यांत कमीपणा मानूं नये, वहींत कोणाचेंही नांव लिहिलें जात नाहीं.)

एका दारीं मात्र वही धरलेल्या मुलाचा हात थांबला. घर त्याचेंच होतें, आणि मला तें ठाऊक नव्हतें. आधीं चौकशी न करतां त्याला त्या बोळांत पाठविलें, ही चूक माझी. त्याची आई दारांत आली. दोघें क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलीं. मग त्यानें इतर घरीं विचारले तसेच प्रश्न आईला विचारले, आणि थोरल्या बहिणीपुढें खालीं मान घालून ‘सातवी’ असें लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं तो वर्ग सुटल्यावर मागें राहिला. “सर, एक रकाना कमी पडतो,” तो म्हणाला. “शाळा कां सुटली, तें आपण विचारलेंच नाहीं.” आम्ही तो रकाना आंखला व पुन्हा फिरलों. धाकट्यांना सांभाळण्यासाठीं, वडिलांचें काम गेलें म्हणून, वाटेवर भीति वाटते म्हणून, पुरांत पुस्तकें गेलीं म्हणून, अशीं उत्तरें आलीं. ‘आवड नव्हती’ हें उत्तर मला वाटलें होतें त्याहून पुष्कळ कमी वेळां आलें.

यंदा दिवाळीनंतर त्याच घरीं पुन्हा जावयाचें आहे. तो मुलगा आतां अकरावींत दुसरीकडे शिकतो. पण वही त्यानें मागून घेतली आहे.