मनाचे परतणे
(गीता, अध्याय 6, श्लोक 26)

पूजेला बसावे, तोच मन उठून जाते. देह देवघरात असतो. मन मात्र कधी दहा वर्षांपूर्वीच्या अपमानापाशी, तर कधी पुढील वर्षी व्हावयाच्या कन्येच्या विवाहापाशी पोहोचलेले असते. हा अनुभव नाही असा गृहस्थ विरळा. आपण साधनेला अपात्र आहोत, असे यामुळे पुष्कळांना वाटते. गीतेचे मत तसे नाही.

अर्जुनाकडेच पाहावे. रथ रणभूमीवर उभा आहे. परंतु पहिल्या अध्यायात त्याचे मन पुढे धावते. कुलक्षय होईल, कुलधर्म बुडतील, पितरांना पिंडोदक मिळणार नाही, या चिंतेत समोरचे कर्तव्य त्याला दिसेनासे होते. हाच अर्जुन सहाव्या अध्यायात मनाला वाऱ्याची उपमा देतो. भगवंत ती खोडून काढीत नाहीत. मन आवरण्यास कठीण आहे हे मान्य करूनच ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात.

हा अभ्यास कसा करावा, ते आधीच्या 26व्या श्लोकात आलेले आहे. आशय असा: चंचल व अस्थिर मन ज्या ज्या कारणाने बाहेर पडेल, त्या त्या कारणापासून त्याला आवरून आत्म्याच्याच ठायी आणावे. मुळात 'यतः' आणि 'ततः' ही पदे दोनदा येतात. व्याकरणात या द्विरुक्तीला वीप्सा म्हणतात. तिचा अर्थ 'प्रत्येक' असा होतो. अनुवाद करताना एकदाच 'ज्या' लिहून भागेल असे वाटते, पण मग श्लोकाचा प्राणच हरपतो. मन शंभर वेळा जाईल हे येथे गृहीत आहे, आणि शंभर वेळा त्याला आणावे एवढीच आज्ञा आहे. हे आणणे म्हणजेच अभ्यास.

आणावे कसे? शंकराचार्य सांगतात, की ज्या निमित्ताने मन गेले त्याचे खरे स्वरूप पाहावे. म्हणजे त्याची ओढ फोल ठरते. शके 1212 मध्ये (इ. स. 1290) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत याहून सौम्य वाट आहे. चित्त स्थिरावत नसेल तर ते मोकळे सोडावे. ते जेथे जाईल तेथून नियमच त्याला घेऊन येईल. मनाला शिक्षा करावी, असे दोघेही म्हणत नाहीत.

मग गृहस्थाने उद्याचा विचार करूच नये काय? अवश्य करावा. बियाणे राखणे, मुलांच्या शिक्षणासाठी द्रव्य साठवणे, हे आजचेच कर्म होय. हिशेब मांडून वही मिटल्यावरही तेच आकडे मनात घोळू लागले, की चिंता सुरू झाली असे समजावे. या विचारातून आता करण्याजोगे काही निघते का, हे स्वतःस विचारावे. निघाले तर ते करावे. न निघाले तर परतावे.

प्रस्तुत लेखकाच्या मातोश्री शेवटच्या आजारात अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांच्या उशाशी बसून मी याच अध्यायाच्या अनुवादाची मुद्रिते तपासत होतो आणि मन पुढच्या खर्चाच्या विवंचनेत होते. त्यांनी पाणी मागितले. दुसऱ्यांदा मागितले तेव्हा मला ऐकू आले. आज त्या नाहीत, आणि माझे मन पुष्कळदा त्या क्षणाकडेच धाव घेते. पश्चात्ताप हेच पुण्य समजून मी बराच काळ तेथे बसून राहिलो. पुढे ध्यानात आले, की श्लोकातल्या 'ज्या ज्या'मध्ये हेही कारण येते. त्या दिवशी मातोश्री पाणी मागत असता मी उद्यात होतो. आज घरातले कोणी पाणी मागत असता मी त्या दिवसात असेन, तर चूक तीच.

म्हणून वाचकांनी आठ दिवस एक नियम करून पाहावा. जेवताना, स्नान करताना किंवा घरातील कोणी बोलत असताना मन गेल्याचे लक्षात आले, की स्वतःस दूषण न देता एकदा भगवन्नाम घ्यावे आणि हातातील कर्माकडे परतावे. मन किती वेळा गेले ते मोजू नये. गेल्याचे कळले, तेथेच परतीचा आरंभ झाला. या श्लोकाच्या आधी, 25व्या श्लोकात, भगवंतांनी 'हळू' या अर्थाचे पदही दोनदा उच्चारले आहे.