आययूआयला बसण्याआधी

आययूआयमध्ये धुऊन वेगळे काढलेले चपळ शुक्रजंतू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडले जातात. तिथून बीजवाहिनीत शिरून स्त्रीबीज गाठण्याचे काम त्यांचे त्यांनाच करावे लागते. म्हणून निदान एक बीजवाहिनी मोकळी नसेल, तर हा उपचार करून उपयोग नाही. तरीही बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी ही एक्स-रे तपासणी न करता दोन-तीन आवर्तने उरकलेली जोडपी आढळतात. या तपासणीत दुखते, ही भीती अगदीच खोटी नाही. पण ती टाळली आणि पुढे दोन्ही नळ्या बंद निघाल्या, तर मधले महिने वायाच गेलेले असतात. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचे एक मोठे कारण असून तो पुष्कळदा लक्षणांवाचून असतो.

महिन्यांचा हिशेब वयामुळे ठेवावा लागतो. सगळे जुळले तरी एका आवर्तनात यशाची शक्यता साधारण 10 ते 20 टक्के असते. पस्तिशीनंतर ती घसरते, चाळिशीनंतर फारच थोडी उरते. यश यायचे असेल तर बहुधा पहिल्या तीन-चार प्रयत्नांतच येते. अडतिशीतल्या स्त्रीने तेवढेही थांबावे का, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारलेले बरे. तीव्र एंडोमेट्रिओसिस असल्यास तर नक्कीच.

घरच्यांचे बोट मात्र बाईकडेच जाते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी मागे पडते. धुतल्यानंतर हलते शुक्रजंतू 50 लाखांहून जास्त असले तर आशा बरी. 10 लाखांखाली ती अगदी क्षीण. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू आदल्या आठवड्यात सोडून भागत नाही, आणि नुकत्याच येऊन गेलेल्या तापानेही अहवाल बिघडू शकतो. अशा वेळी तपासणी पुन्हा करावी.

प्रत्यक्ष आवर्तनात लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन ही औषधे देऊन सोनोग्राफीत फॉलिकलची, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या पुटिकेची, वाढ पाहतात, मग स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून ट्रिगरचे इंजेक्शन आणि साधारण 24 ते 40 तासांत आययूआय. जास्त फॉलिकल म्हणजे जास्त यश, असे मानू नये. तीन-चार वाढले तर जुळ्या-तिळ्यांचा धोका असतो, आणि आवर्तन रद्द करणारा डॉक्टर शहाणाच म्हणायचा.

नंतर दिवसच्या दिवस अंथरुणावर पडून राहिल्याने काही साधत नाही. गर्भचाचणी दोन आठवड्यांनी करावी. त्याआधी ट्रिगरच्या इंजेक्शनमुळेही दोन रेघा उमटू शकतात.